जहाजांचे सांडपाणी : नियमन आणि किनाऱ्यावरील व्यवस्था

(ग्वाल्हेर येथील हरिशंकरपुरम वसाहतीत मराठी भाषक नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर आहे. किनारपट्टीवरील, तसेच अंतर्भागातील जलाशयांच्या परिसरातील वाचकांना तो उपयुक्त ठरेल या हेतूने येथे देत आहोत.)



पत्रिकेवरील विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. बंदर नाही, धक्का नाही, भरतीओहोटी नाही. मग ग्वाल्हेरच्या नागरिकांना जहाजांच्या सांडपाण्याविषयी सांगण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणाच्या मनात आल्यास तो स्वाभाविकच म्हणावा लागेल.

तथापि, भारताच्या आधुनिक नौवहनाच्या इतिहासात ग्वाल्हेरचे नाव अगदी पहिल्या पानावर आहे. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर महाराज माधवराव शिंदे यांच्या पुढाकाराने ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे प्रवासी जहाज विकत घेण्यात आले. जखमी सैनिकांसाठी रुग्णालय म्हणून ते वापरले गेले आणि त्याचे नाव ‘लॉयल्टी’ असे ठेवण्यात आले. युद्ध संपल्यावर सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांचे सहकारी यांनी ते ग्वाल्हेर दरबाराकडून घेतले. त्यांनी स्थापन केलेल्या कंपनीला ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन’ हे नाव मिळाले ते शिंदे घराण्यावरूनच. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. त्या प्रस्थानाची आठवण म्हणून आज ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

तेव्हा ग्वाल्हेरचा आणि जहाजांचा संबंध नाही, असे म्हणता येणार नाही. परंतु आजचा विषय मांडण्याचे याहूनही निकडीचे कारण आहे. जी शिस्त समुद्रावरील जहाजांसाठी घालून दिलेली आहे, तिची गरज आपल्या पिण्याच्या पाण्याच्या जलाशयांवरही तितकीच आहे. त्याकडे मी व्याख्यानाच्या उत्तरार्धात वळणार आहे.

जहाज : एक तरंगते गाव

जहाज म्हणजे एक तरंगते गावच असते. त्यावर माणसे राहतात, स्वयंपाक होतो, स्नानगृहे व शौचालये असतात. शिवाय एक अजस्र कारखाना रात्रंदिवस चालू असतो. गावाची घाण ज्या ज्या प्रकारची असते, त्या त्या सर्व प्रकारांची घाण जहाजावरही निर्माण होते. तिचे स्थूलमानाने पाच प्रकार करता येतील.

पहिला प्रकार तेलकट पाण्याचा. यंत्रकक्षात कोठे ना कोठे इंधन ठिबकते, वंगण गळते, थंड करण्याचे पाणी झिरपते. हे सारे जहाजाच्या तळाशी साचते. खलाशी त्याला बिल्ज पाणी म्हणतात. त्याखेरीज, तेलवाहू जहाजाच्या टाक्या धुतल्यावर निघणारे पाणी वेगळेच.

दुसरा प्रकार मैलापाण्याचा. मालवाहू जहाजावर वीस-पंचवीस माणसे असतात. मात्र मोठ्या पर्यटन-जहाजावर प्रवासी आणि कर्मचारी मिळून काही हजार माणसे असू शकतात. एखाद्या तालुक्याच्या गावाइतके मैलापाणी असे जहाज घेऊन फिरत असते.

तिसरा प्रकार केरकचऱ्याचा. उरलेले अन्न, वेष्टने, दोर, फाटलेली जाळी आणि अलीकडील काळात सर्वांत त्रासदायक ठरलेले प्लास्टिक यांचा त्यात समावेश होतो.

चौथा प्रकार बॅलास्ट पाण्याचा, म्हणजे रिकाम्या जहाजाला स्थैर्य यावे म्हणून टाक्यांत भरून घेतलेल्या समुद्राच्या पाण्याचा. हे पाणी दिसायला स्वच्छ असते. परंतु एका समुद्रातील जीव ते दुसऱ्या समुद्रात नेऊन सोडते. मध्य अमेरिकेकडील एक शिंपला १९६७ मध्ये विशाखापट्टणम बंदरात आढळला आणि पुढे मुंबई बंदरातही त्याने ठाण मांडले. असे परके जीव जहाजांच्या तळाला चिकटून किंवा बॅलास्ट पाण्यातून येतात. एकदा रुजले की त्यांना घालविणे जवळजवळ अशक्य होते.

पाचवा प्रकार धुराचा. जहाजे जे जड इंधन जाळतात, त्यातील गंधक हवेत जाते आणि पुन्हा पाण्यात उतरते.

नियमांची जडणघडण

‘लॉयल्टी’ मुंबईहून निघाले त्या वेळी जहाजाची घाण समुद्रात टाकण्यास मनाई करणारा कोणताही आंतरराष्ट्रीय करार अस्तित्वात नव्हता. समुद्र अथांग आहे, तो सारे पोटात घेतो, अशीच सर्वसाधारण समजूत होती. तेलापुरता पहिला करार १९५४ मध्ये झाला. परंतु जगाला खरा धक्का बसला तो १८ मार्च १९६७ रोजी. त्या दिवशी इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळले. त्यात सुमारे १ लाख १९ हजार टन खनिज तेल होते. इंग्लंड आणि फ्रान्स या दोन्ही देशांचे किनारे काळे झाले.

या आपत्तीनंतर १९७३ मध्ये लंडन येथे जहाजांपासून होणाऱ्या प्रदूषणाच्या प्रतिबंधासाठी व्यापक करार झाला. १९७८ मध्ये त्याला पूरक मसुदा जोडण्यात आला आणि २ ऑक्टोबर १९८३ पासून तो अंमलात आला. ‘मार्पोल’ या संक्षिप्त नावाने तो ओळखला जातो. भारत १९८६ मध्ये या करारात सहभागी झाला. तेल, घातक द्रव रसायने, बांधीव स्वरूपातील घातक माल, मैलापाणी, केरकचरा आणि धूर अशा सहा बाबींसाठी त्याला सहा परिशिष्टे आहेत.

नियमांचे स्वरूप लक्षात यावे म्हणून काही प्रमुख मर्यादा सांगतो. यंत्रकक्षातील तेलकट पाणी गाळणीयंत्रातून काढल्यावर दहा लाख भाग पाण्यात तेलाचे प्रमाण १५ भागांहून अधिक असता कामा नये. आणि तेही जहाज मार्गक्रमण करीत असतानाच सोडता येते. शुद्धीकरण न केलेले मैलापाणी किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरच्या आत सोडण्यास मनाई आहे. त्यापलीकडेही ते हळूहळू आणि जहाज किमान ४ नॉट वेगाने चालत असतानाच सोडावे लागते. प्लास्टिक मात्र जगातील कोणत्याही समुद्रात, किनाऱ्यापासून कितीही अंतरावर टाकता येत नाही. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५० टक्क्यांवरून ०.५० टक्क्यावर आणण्यात आली. बॅलास्ट पाण्यासाठी २००४ मध्ये स्वतंत्र करार झाला व तो ८ सप्टेंबर २०१७ पासून अंमलात आला.

नियमांनी काही साधते का, अशी शंका अनेकदा घेतली जाते. तेलवाहू जहाजांतून सात टनांहून अधिक गळती होण्याच्या घटना १९७०च्या दशकात जगभर वर्षाला सरासरी सत्तरहून अधिक होत असत. २०१०च्या दशकात ही सरासरी दहाच्याही खाली आली. मध्यंतरी समुद्रमार्गे होणारी तेलाची वाहतूक वाढलेली होती, हेही ध्यानात घ्यावे. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डीझ’ या जहाजातून सुमारे ३७ हजार टन तेल सांडले. त्यानंतर नव्या तेलवाहू जहाजांना दुहेरी कवच सक्तीचे करण्यात आले. नीट विचारपूर्वक केलेला आणि नेटाने राबविलेला नियम फळ देतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

आपल्या देशातील कायदे

आपल्याकडे १९५८च्या व्यापारी नौवहन कायद्यात तेलप्रदूषणासंबंधीचा भाग १९८३ मध्ये समाविष्ट करण्यात आला. बंदराच्या पाण्यात तेल, केरकचरा वा बॅलास्ट टाकण्यास १९०८च्या भारतीय बंदरे कायद्यानेच मनाई केलेली होती. या दोन्ही कायद्यांची जागा घेणारे नवे कायदे संसदेने २०२५ मध्ये संमत केले. १९७८च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या भारतीय तटरक्षक दलाकडे सागरी पर्यावरणाच्या रक्षणाचे काम सोपविण्यात आले असून, तेलगळतीच्या प्रसंगी कोणी काय करावयाचे याची राष्ट्रीय योजना १९९६ पासून अस्तित्वात आहे.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर, केंद्राचा जलप्रदूषण कायदा १९७४ मध्ये झाला. त्यापूर्वीच, १९६९ मध्ये राज्याने स्वतःचा कायदा केला होता आणि त्यानुसार ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण मंडळ स्थापन झाले होते. नद्या, सरोवरे व कालवे यांवरील यंत्रनौकांसाठी १९१७चा जुना कायदा रद्द होऊन २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयान कायदा आला. त्यात प्रदूषण-प्रतिबंधासाठी स्वतंत्र प्रकरण आहे आणि नौकांवरील घाण उतरवून घेण्याची सोय धक्क्यावर करण्याविषयी तरतूद आहे. ही शेवटची तरतूद आपण विशेष लक्षात ठेवावी.

अपघातांचे धडे

७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या दोन जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’ एका बाजूस कलंडले. त्यावरील अनेक कंटेनर समुद्रात पडले आणि सुमारे ८०० टन इंधन तेल पाण्यात सांडले. तरंगणाऱ्या कंटेनरांमुळे मुंबई आणि न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. तेलाचा तवंग उरण, अलिबाग, घारापुरी या बाजूंना पसरला आणि खारफुटीत शिरला.

खारफुटीची मुळे चिखलातून वर येऊन श्वास घेतात. त्यांवर तेलाचा लेप बसला की झाड गुदमरते. त्याच मुळांच्या आसऱ्याने कोळंबी आणि माशांची पिल्ले वाढतात. आणि दिवस कोणते होते? नारळी पौर्णिमा अवघ्या अडीच आठवड्यांवर आली होती. पावसाळ्यात शाकारून ठेवलेल्या होड्या पाण्यात लोटण्याची, जाळी दुरुस्त करण्याची, उसनवारीने डिझेल व बर्फाची तरतूद करण्याची ही वेळ. त्याच वेळी मासे खाऊ नयेत, असे नागरिकांना सांगावे लागले. ज्या घरात दोन महिने मिळकत नव्हती, त्या घराचा पहिला हंगामच हातचा गेला. तेलगळतीचे आकडे टनांत मोजले जातात. कोळीवाड्यात तिचे मोजमाप चुलीवरून होते.

पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ रोजी ‘रॅक कॅरिअर’ हे जहाज मुंबईपासून सुमारे वीस सागरी मैलांवर बुडाले. त्यात साठ हजार टनांहून अधिक कोळसा आणि जहाजाचे स्वतःचे इंधन होते. या प्रकरणी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ऑगस्ट २०१६ मध्ये जहाजाशी संबंधित कंपन्यांना १०० कोटी रुपये, तर मालाच्या धन्यास ५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. प्रदूषण करणाऱ्याने त्याचे मूल्य चुकविले पाहिजे, हे तत्त्व त्यामुळे ठळकपणे पुढे आले. मात्र जहाज बुडाल्यापासून आदेश होईपर्यंत पाच वर्षे लोटली, हेही नमूद केले पाहिजे.

गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर जून २००० मध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे जहाज रुतले आणि ते पूर्णपणे हलविण्यास २०१२ साल उजाडले. अगदी अलीकडे, २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे ६४० कंटेनर घेऊन निघालेले जहाज बुडाले. त्यातील प्लास्टिकचे बारीक मणी केरळच्या वाळूत पसरले. तेल काही काळाने विरते. वाळूत मिसळलेला प्लास्टिकचा मणी निवडून काढणे, हे तांदळातून तांदूळ वेचण्यासारखे काम आहे.

रोजची गळती

अपघात वर्तमानपत्रांत येतात, चौकशा होतात, दंड होतात. परंतु समुद्रावर रोज थोडी थोडी जी घाण सोडली जाते, तिची बातमी होत नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी गोवा आणि कोकणच्या वाळूवर डांबराचे गोळे येऊन पडतात. पहाटे फिरावयास जाणाऱ्याच्या तळव्यांना ते चिकटतात. ते कोणत्या जहाजाचे, कोणत्या रात्री सोडलेले, हे शोधणे अत्यंत अवघड असते.

मोठ्या जहाजावर तेलाची नोंदवही ठेवावी लागते. किती तेलकट पाणी साचले, किती गाळले, कोठे उतरविले, याची नोंद तीत करावी लागते आणि बंदरातील अधिकारी ती तपासतात. परंतु वही खोटी लिहिता येते. गाळणीयंत्राला वळसा घालून चोरनळी जोडण्याचे प्रकार जगभर उघडकीस आले आहेत. २०१३ मध्ये ‘कॅरिबियन प्रिन्सेस’ या पर्यटन-जहाजावर नव्यानेच रुजू झालेल्या एका अभियंत्याने अशी नळी पाहिली आणि इंग्लंडच्या बंदरात उतरून ती हकीकत अधिकाऱ्यांना सांगितली. पुढे त्या कंपनीस अमेरिकेत ४ कोटी डॉलरचा दंड झाला. त्या कंपनीच्या जहाजांवर ही लबाडी अनेक वर्षे चालू होती. ती बाहेर आली एका तरुण माणसाच्या प्रामाणिकपणामुळे.

येथे स्वतःचा एक अनुभव सांगण्याची अनुमती घेतो. बऱ्याच वर्षांपूर्वी कोकणातील एका लहान मासेमारी बंदरावर मी नियमांची माहिती देण्यासाठी गेलो होतो. धक्क्याजवळच्या पाण्यावर सप्तरंगी तवंग पसरला होता. इंजिनातील जळके तेल समुद्रात ओतणे हा गुन्हा आहे, असे मी जमलेल्या मच्छीमारांना समजावून सांगितले. माझे बोलणे संपल्यावर एक वयस्क तांडेल उठले. त्यांनी शांतपणे विचारले, “साहेब, तुम्ही सांगता ते बरोबर आहे. आम्हांलाही मासे याच पाण्यातले खायचे आहेत. पण हे तेल ओतायचे कुठे, ते दाखवा.”

मी धक्क्यावर नजर फिरविली. बर्फाचा कारखाना होता, डिझेलचा पंप होता, लिलावाची जागा होती. जळके तेल ठेवण्यासाठी एक साधे पिंपही नव्हते. त्या तांडेलांना देण्यासारखे उत्तर त्या दिवशी माझ्यापाशी नव्हते.

पुढील सर्व काळात मला असे वाटत आले आहे की, या विषयाचा सारा गाभा त्या प्रश्नात आहे. घाण पाण्यात टाकू नका, हे सांगण्याचा अधिकार शासनाला तेव्हाच पोहोचतो, जेव्हा ती कोठे टाकावी हे ते दाखवू शकते. मार्पोल करारानेही बंदरांवर हीच जबाबदारी टाकली आहे. तेलकट पाणी, मैलापाणी आणि कचरा जहाजाकडून उतरवून घेण्याची सोय बंदराने करावयाची असते. आणि ती सोय अशी असावी की जहाजाचा विनाकारण खोळंबा होऊ नये. मोठ्या बंदरांत अशा सोयी आहेत. खरा प्रश्न आहे तो लहान बंदरांचा आणि लहान नौकांचा.

करारातील अनेक अटी ४०० टनभाराच्या आणि त्याहून मोठ्या जहाजांना लागू होतात. ससून डॉकपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या धक्क्यांवर लागणाऱ्या मासेमारी नौका, गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचेस, मांडवी नदीतील विहारनौका यांपैकी बहुतेक नौका या मापात बसत नाहीत. एकेका नौकेचे जळके तेल काही लिटरच असेल. परंतु नौका हजारोंनी आहेत आणि त्या उभ्या राहतात ते पाणी खाडीचे, उथळ व संथ असते. जेथे माशांची वीण होते तेथेच ही घाण साचते. शिवाय वापरलेले तेल हे निव्वळ टाकाऊ नव्हे. २०१६च्या घातक कचरा नियमांनुसार ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे देता येते आणि त्याला किंमतही मिळते. धक्क्यावर झाकणाचे पिंप, ते ठराविक दिवशी रिकामे करणारी व्यवस्था आणि नोंद ठेवणारी मच्छीमार सहकारी संस्था, एवढ्या सामग्रीवर हे काम उभे राहू शकते.

समुद्रातील सर्व घाणीचा दोष नौकांच्या माथी मारणे मात्र न्यायाचे होणार नाही. समुद्रात जाणाऱ्या प्रदूषणाचा फार मोठा भाग जमिनीवरून, शहरांच्या गटारांतून आणि कारखान्यांतून येतो. शहराने आपले मैलापाणी तसेच खाडीत सोडावयाचे आणि होडीवाल्याला दोन लिटर तेलासाठी दरडावावयाचे, हे शोभत नाही. दोन्ही आघाड्यांवर एकाच वेळी काम झाले तरच कायद्याला नैतिक बळ येईल.

ग्वाल्हेरच्या दाराशी

आता आपल्या शहराकडे वळू. ग्वाल्हेरला पाणी मिळते ते मुख्यत्वे सांक नदीवरील तिघरा धरणातून. १९१६ मध्ये बांधलेल्या या धरणाशीही मराठी मुलखाचा एक धागा जोडलेला आहे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी तयार केलेली स्वयंचलित दारे १९०३ मध्ये पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर प्रथम बसविण्यात आली आणि त्यानंतर तिघऱ्यावर. जे पाणी आपण घरोघरी पितो, त्याच जलाशयावर पर्यटकांसाठी नौकाविहाराची व्यवस्थाही होत आली आहे.

यंत्रनौकेच्या बाबतीत एक साधी गोष्ट समजून घेतली पाहिजे. मोटारीचा धूर हवेत जातो. बाहेरून जोडलेल्या इंजिनावर चालणाऱ्या बहुतेक नौकांचा धूर थेट पाण्याखाली सोडलेला असतो. जुन्या पद्धतीच्या टू-स्ट्रोक इंजिनात इंधनाचा बराच भाग न जळताच बाहेर पडतो आणि तो पाण्यातच मिसळतो. समुद्राला लाटा आहेत, प्रवाह आहेत, भरतीओहोटी आहे. जलाशयाला यांपैकी काहीही नाही. उन्हाळ्यात पाणी आटत जाते, तसतसे त्यातील घाणीचे प्रमाण वाढत जाते.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या भोपाळ येथील खंडपीठाने सप्टेंबर २०२३ मध्ये भोपाळच्या मोठ्या तलावावरील क्रूझ व यंत्रनौका बंद करण्याचा आदेश दिला तो याच विचाराने. हा तलाव २००२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे आणि भोपाळच्या नागरिकांना पिण्याचे पाणीही पुरवितो. नर्मदा नदी आणि राज्यातील अन्य पाणथळ जागा यांनाही त्या आदेशात स्थान देण्यात आले. पर्यटनावर अवलंबून असणाऱ्यांना असा निर्णय जाचक वाटणे स्वाभाविक आहे. त्यांच्या पोटाचा प्रश्नही खराच आहे. परंतु वल्ह्याच्या होड्या, शिडाच्या होड्या आणि विजेवर चालणाऱ्या नौका हे पर्याय आहेत. पिण्याच्या पाण्याला पर्याय नाही.

येथे बंदी आणि नियमन यांतील भेद लक्षात घ्यावा. समुद्रावरील जहाजे बंद करता येणार नाहीत. आपले धान्य, तेल, खते त्यांतूनच येतात. म्हणून तेथे मर्यादा, नोंदवही, तपासणी आणि घाण उतरवून घेण्याची व्यवस्था हा मार्ग. पिण्याच्या पाण्याच्या जलाशयावर मात्र इंधनावर चालणाऱ्या विहारनौकेची निकड नसते. तेथे मनाई हाच सरळ मार्ग होय. चंबळचे उदाहरण या दोहोंच्या मध्ये पडते. तीन राज्यांत पसरलेल्या चंबळ अभयारण्यात घडियाल आणि नदीतील डॉल्फिन यांना आश्रय मिळाला आहे. तेथे वनखात्याच्या गस्तीसाठी आणि लोकांच्या ये-जा करण्यासाठी नौका लागणारच. परंतु त्यांची संख्या, त्यांची इंजिने आणि त्यांत इंधन भरण्याच्या जागा या साऱ्यांवर कडक देखरेख असली पाहिजे.

आपण काय करू शकतो

या सर्व विवेचनातून काही सूचना निघतात, त्या थोडक्यात मांडतो.

एक, किनाऱ्यावरील प्रत्येक मासेमारी बंदरावर आणि लाँचच्या धक्क्यावर जळके तेल, तेलकट पाणी, मैलापाणी व कचरा उतरवून घेण्याची सोय असावी. नव्या धक्क्याच्या आराखड्यात डिझेलच्या पंपाबरोबरच तिचाही समावेश व्हावा.

दोन, नौकांचा परवाना नूतनीकरणाला येईल तेव्हा वर्षभरात किती जळके तेल जमा केले याची पावती पाहिली जावी. केवळ दंडाच्या भीतीपेक्षा ही पद्धत अधिक उपयोगी पडेल.

तीन, तेलगळतीनंतर मच्छीमारांना मिळावयाची नुकसानभरपाई हंगाम संपण्यापूर्वी हाती पडावी. त्यासाठी होड्यांची, मिळकतीची आणि मासळी उतरविण्याची नोंद आधीपासून व्यवस्थित ठेवलेली असली पाहिजे. नोंद नसेल तर हक्क सिद्ध करणे कठीण जाते, हा आजवरचा अनुभव आहे.

चार, नौवहनाचे शिक्षण घेणाऱ्या तरुणांना नोंदवही खरी लिहिण्याचे शिक्षण तंत्रज्ञानाइतक्याच गांभीर्याने द्यावे. वरिष्ठाने खोटी नोंद करण्यास सांगितल्यास तक्रार कोठे करावी, हे प्रत्येक खलाशास ठाऊक असावे.

पाच, अंतर्भागातील शहरांच्या नागरिकांनी आपल्या जलाशयावर कोणत्या इंजिनाच्या नौका चालतात, त्यांत इंधन कोठे भरले जाते, नौकेवरील शौचालयाचे पाणी कोठे जाते, हे विचारावे. हे विचारणे हा आपला अधिकार आहे आणि कर्तव्यही आहे.

‘लॉयल्टी’ जहाजाने निघताना मुंबई बंदरात राख टाकली असेल, तेलकट पाणीही सोडले असेल. त्यात त्या काळच्या माणसांचा दोष नव्हता. त्यांना त्याचा परिणाम ठाऊक नव्हता. आपल्याला तो ठाऊक आहे. मुंबईच्या तोंडाशी सांडलेले तेल उरणच्या चुलीपर्यंत कसे पोहोचते हे आपण पाहिले आहे. तिघऱ्यात पडलेला इंधनाचा थेंब हरिशंकरपुरमच्या माठापर्यंत पोहोचू नये, याची काळजी घेणे आपल्याच हाती आहे. आणि त्या वृद्ध तांडेलांचा प्रश्न अजून संपलेला नाही. प्रत्येक धक्क्यावर त्याचे उत्तर दाखविता येईल, त्या दिवशी आपले कायदे खऱ्या अर्थाने अंमलात आले असे म्हणता येईल.